हाक्याची माणसं

शुक्रवारी आखातातल्या हूरा भागात टेलिफोन बूथसमोर रांग लागली होती आणि महाडचा दशरथ तिच्यात मुकाट उभा होता. पुढचे दोघे मराठीत बोलू लागले, तसे त्याचे कान आपोआप तिकडे वळले.

“रहिमतुल्लाभाई, व्हिसा खलास करून कायमचे घरी निघालात, मग आता बंदूक कशाला?”

“शिकारीला. रत्नागिरीच्या दुकानात दोन आहेत. एक काडतुसांची दुनळी, दुसरी जुनी ठासणीची. कुठली घ्यायची ते आज घरी अजराला कळवायचंय.”

“दुनळी घ्या की!”

“बाबांची ठासणीची होती, खिजर. नळीत दारू भरायची, गजानं ठासायची, मग एकच बार. शिकार करावी तर तशी.”

“आणि बार चुकला तर? पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर तुमची खुशाली विचारून जाईल!”

“म्हणून तर हाक्याला माणसं असतात. अख्खा मोहल्ला ओरडत रान उठवायचा. जनावर फिरलं, तर तेच अडवायचे.”

“कुठायत ती माणसं? गफूर दमामला, तुमचे पुतणे कुवेतला, मी इथं. दुनळीच घ्या भाई. एकट्या माणसाला तीच बरी.”

रहिमतुल्लाभाई रांगेत एक पाऊल पुढे सरकले. त्यांचा नंबर आला. बूथचं दार त्यांच्यामागे नीट लागलं नाही.

“अजरा, ठासणीचीच सांग... हो, बाबांसारखी. आणि हे बघ, गावात पुरुष माणसं कोण कोण आहेत, जरा नावं सांग.”

पुढचा नंबर दशरथचा होता. त्यानं काचेवर टकटक केली नाही.

“बरं... आणखी कोण?”