दोनशे तीस अंशांवरचं श्ट्रूडल

समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नगराध्यक्षा क्मेत्योवा बाई, व्यासपीठावर विराजमान आपल्या काच कारखान्याचे संचालक हुडेत्स साहेब, ज्यांना आज निरोप द्यायचा ते भट्टीचे उस्ताद मेतोद काका, आणि भट्टीवरच्या बंधुभगिनींनो,

मी प्रयोगशाळेतली येला. तापमानाच्या नोंदी ठेवते, भाषणाची सवय नाही.

साहेबांनी आत्ताच सांगितलं की काका 'स्वेच्छेनं' दोन वर्षं आधी निवृत्त होताहेत. काकांनाही ते इथे बसल्यावरच कळलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

आपल्या नव्या भट्टीचं छत सिलिकाच्या विटांचं. मी नवी होते तेव्हा काका म्हणाले होते, "पोरी, दोनशे तीसच्या आसपास हिच्या आतले कण कूस बदलतात, वीट एकदम फुगते. पाचशे त्र्याहत्तरला पुन्हा थोडी. तेवढं सांभाळलंस की पंधराशेलासुद्धा ती कुरकुरणार नाही." म्हणून तिथे काका तासाला चार-पाच अंशच चढवतात, आणि छताचे बोल्ट जरा जरा सैल करत जातात.

पण शुक्रवारी मंत्रिमहोदय फीत कापायला येणार होते ना! सोमवारी साहेब म्हणत होते, "मेतोदशिवाय भट्टी पेटायची नाही." गुरुवारी तेच म्हणाले, "दोनशे तीसला काय घाबरतोस? तेवढ्यावर माझी बायको सफरचंदाचं श्ट्रूडल भाजते."

काका म्हणाले, "साहेब, वहिनींचं श्ट्रूडल डोक्यावर पडून कुणी मरत नाही."

काकांना घरी पाठवलं, बर्नर पूर्ण उघडले. दोन तासांत छत तडकलं, कपच्या खाली आल्या. खाली काम करणारे दोघे तेवढ्यात गुपचूप घोटभर स्लिवोवित्सा, आपली आलुबुखारची दारू, घ्यायला गेले होते, म्हणून आज इथे बसलेत. मंत्रिमहोदयांनी कँटीनची फीत कापली. साहेबांचं सोमवारचं म्हणणं तेवढं खरं ठरलं, मेतोदशिवाय भट्टी पेटली नाही. विटेचं बरं असतं, ती कितीला कूस बदलते ते आधीपासून माहीत असतं.

मग चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, उस्तादाचा हलगर्जीपणा.

काकांना निरोपाला दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल साहेबांचे आभार, खसखशीच्या रोलबद्दल कँटीनच्या बायकांचे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला. पण एक चूक पोटात घालण्यासारखी नाही. चौकशीच्या त्या अहवालाखाली दुसरी सही माझी आहे. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, आणि त्याची मला फार लाज वाटते. बर्नर किती वाजता आणि कुणाच्या हुकमानं उघडले ते माझ्या नोंदवहीत लिहिलेलं आहे. ही वही मी अध्यक्षाबाईंच्या हाती देते आणि माझी सही मागे घेते.

काका, मला क्षमा करा.