चढावरचा विसावा

मंडळी, कीर्तनाला बसलात, तर ऐका! एक विचारतो. माणूस कशानं मरतो — धावण्यानं, की थांबता न आल्यानं? सांगा! बरं, वाईच्या मनोहर खटावकराचं ऐका.

मनोहर शिंपी. वय पन्नास. मशीनवर बसून पोट सुटलं, म्हणून सायकल घेतली. छातीला पट्टा, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ. शिकवायला शेंडेबाई, शाळेतल्या निवृत्त खेळशिक्षिका. बाईंनी बजावलं, "आठवड्यातून दोनच दिवस जोर. चार मिनिटं जोर, तीन मिनिटं विसावा, असे चार फेरे. बाकीचे दिवस सायकल चालवताना गप्पा मारता आल्या पाहिजेत! आणि विसाव्यात ठोक्यांचा आकडा उतरला नाही, तर पुढचा जोर नाही. सरळ घरी."

जोर सगळ्यांना जमतो हो! पंगतीत तुटून पडायला कुणी शिकवावं लागतं का? पानावरून उठायला शिकवावं लागतं!

मनोहर विसावा गाळायचा. रोज जोर! का? त्याचा थोरला भाऊ अण्णा पसरणी घाट बेचाळीस मिनिटांत चढायचा. त्याच घाटात, दोन वर्षांपूर्वी, छाती धरून बसला — तो उठलाच नाही. मनोहरला ती बेचाळीस मिनिटं मोडायची होती.

श्रावणातली सकाळ. नऊ वाजलेले, पण घाटात हे धुकं! हाताचं बोट दिसेना. दोन फेरे झाले. आणि पुढून आवाज आला — कट-कट-कट-कट.

सायकलवाले ओळखतील! पेडल थांबलं की मागचं चाक असं वाजतं. उतारावर. पण ही तर चढण! चढणीवर पाय न हलवता कोण पुढं चाललंय?

मनोहरनं जोर लावला. घड्याळात एकशे सत्तर. आवाज तेवढ्याच अंतरावर. एकशे अठ्ठ्याहत्तर. तेवढ्याच! एकशे शहाऐंशी — घशात रक्ताची चव, कानशिलं ठणकतायत. आणि धुक्यातून, अगदी मायेनं —

"ये की, बाळ्या. थोडंच राहिलंय."

बाळ्या! त्याला बाळ्या म्हणणारा जगात एकच होता, मंडळी. आणि त्याची राख कृष्णेत गेली होती.

पाय ओढ घेत होते. जावंसं वाटत होतं हो! भीती नव्हती, तेच भयंकर. तेवढ्यात घड्याळ वाजलं — विसावा. रोज तो गजर दाबून बंद करायचा. आज बोट तिकडं वळलंच नाही. त्यानं ब्रेक दाबला. पाय जमिनीवर टेकवला. हुंदका फुटला.

"अण्णा... तू हो पुढं. मी येतो मागनं. सावकाश येतो."

एकशे साठ. एकशे चाळीस. एकशे बारा. आकडा उतरत गेला, तसा आवाज दूर, दूर... आणि नाहीच.

दुपारी शेंडेबाईंनी घड्याळातला आलेख पाहिला. एकशे शहाऐंशीच्या लगेच पुढं बोट ठेवलं. "इथे अकरा सेकंद ठोकाच नाही. पट्टा सुटला होता का हो?"

मनोहर म्हणाला, "नाही, बाई."

 समोरचा चहा दोघांचाही निवला.

आता तुम्ही! दुकान, शेत, मुलांची लग्नं — सगळा जोरच जोर! विसावा कुठंय? मृदंग थांबवा, बुवा. हात ठेवा छातीवर. ठोका लागतोय? आता पुढचा ठोका पडेपर्यंत — त्या मधल्या जागेत — नाव घ्या त्याचं. पुढचा पडेलच, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

घ्या नाव... विठ्ठल!