यादीतला आयविन

नॉर्वेतल्या बर्गनच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत टुरिडच्या पुढे दोन म्हाताऱ्या एका मोबाईलवर वाकून करखात्याची, कुणाचीही कमाई दाखवणारी जाहीर यादी चाळत होत्या. टुरिडने कान टवकारले.

“अगं हिल्दुर, सापडला! नाताळच्या मालिकेतला तो लाल टोपीवाला पोरगा, आयविन! करखात्याच्या यादीत आहे!”

“मालमत्ता किती?”

“शून्य! कमाईसुद्धा बेताचीच.”

“अगं बाई! सगळा देश बसायचा की त्याच्यासाठी टीव्हीसमोर!”

“तेच तर!”

“पण कोणी पाहिलं ते त्यालाही कळतं ना?”

“अगदी नावानिशी!”

“मग बंद कर ना, अब्रू जाईल!”

“का म्हणून? लहानपणी चाळीस पत्रं लिहिली मी त्याला. आता तरी माझं नाव वाचेल मेला!”

“मग थांब, मीपण माझ्या मोबाईलवरून बघते!”

टुरिड पुढे सरकली. “अहो, त्याचं आडनाव काय म्हणालात?”