अजून एकदा फेल

टाउनशिपच्या दवाखान्यातली औषधांची रांग. माझ्यापुढे कॉम्प्युटर विभागातून नुकतेच निवृत्त झालेले साहेब, आणि त्यांच्या हाताखाली काम केलेल्या, अजून त्याच विभागात असलेल्या वंदनाताई.

“वंदना, खिडकीवर म्हणतात, आमच्या हिचं कार्डच सापडत नाही. अगं, घरी इन्सुलिन संपलंय!”

“कार्ड आहे, सर. कॉम्प्युटरवर ते शोधणारी क्वेरी फेल होतेय.”

“का पण?”

“ते लॉगमध्ये दिसलं असतं.”

“मग बघ ना! फेल झालेली प्रत्येक क्वेरी तिथे कारणासकट उतरते.”

“उतरायची. वरच्या ऑफिसच्या तपासणीआधी तुम्हीच लॉग बंद करायला लावलंत. एवढ्या चुका वर दिसल्या तर नाक कापलं जाईल, म्हणालात.”

“तेवढ्यापुरतं म्हटलं होतं गं! नंतर चालू नाही का करायचं?”

“विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कशाला? आता तर एकही चूक दिसत नाही.”

“बरं, बरं. आता काय?”

“फोन करून आत्ता चालू करायला लावते. पण मागचं काही मिळणार नाही. तुम्ही पुन्हा रांगेत उभे राहा.”

“आणि?”

“आणि याही वेळी कार्ड सापडायला नको. तरच कारण कळेल.”

साहेब तरातरा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

“हो गया, अंकल?” पुढच्या माणसानं विचारलं.

“नहीं भाई. अभी एक बार और फेल होना है.”