चढ जाणवलाच नाही

तलावाकाठच्या बसथांब्यावर तिकिटाच्या रांगेत एका शिंप्याच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते. सोबत त्यांची लांबलचक, दोघांनी मिळून चालवायची सायकल. बायको घामाने निथळत होती.

"तू आपली बसने घरी जा. उरलेला तलाव मी एकटा फिरतो."

"बरं."

"मागे बसून नुसतं सामान झालीस! मला बघ, एवढा चढ, जाणवलासुद्धा नाही."

"हो ना. शीळ घालत होता तुम्ही."

शिंप्याने सहज पायाने पुढचं पायडल फिरवलं. ते गरागरा फिरतच राहिलं.

"दादा, तुमच्या पायडलला चेनच नाहीये."

"काय? अगं, चेन कुठंय?"

"माझ्या पिशवीत. सकाळी पहिल्याच वळणावर तुटली."

"म्हणजे सगळा चढ..."

"मीच."

"मग बोलली का नाहीस?"

"किती खुशीत होता तुम्ही."

शिंप्याला वाटलं, कशाला तोंड उघडलं आपण. तो स्वतःच्या चपला बघत बसला.

"बोला," खिडकीतून आवाज आला, "बाईंचं एक तिकीट ना?"

"नाही," नवरा म्हणाला, "सामानाचं द्या."

"कुठंय सामान?"

"हे काय, तुमच्यासमोर उभं आहे."