आण्णांचं फॉरेनचं मशीन

...आन् वरनं लोक मलाच इचारत्यात, ‘गोरखभाऊ, तुमी मस्कतला डाक्तर व्हता ना, मग बापाला कसं वाचवता आलं न्हाई?’ कपाळ माझं! तुमाला सांगतो, मी डाक्तर न्हाई, कंपौंडर न्हाई, चौदा वर्सं तिथल्या दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करायचो... उघडायचं, साफ करायचं, चालू करायचं, ‘ओके’ लिहून सही ठोकायची आन् निघायचं. खाटंवरचा जगतोय का मरतोय, ते इचारायचं आपलं कामच न्हाई! पर मी हात लावलेल्या मशीनमधी फॉल्ट न्हाई, राव!

दोन हजार तीनला आण्णांचा दम वाढला. डाक्तर म्हणले, घरी ऑक्सिजन लागंल. मी म्हणलं, हाय काय आन् न्हाई काय! हवेतनं ऑक्सिजन काढणारं नवंकोरं मशीन घेतलं, सोता चालवून बघितलं, परत प्लास्टिक चढवलं आन् गावचा सावळेराम सुट्टीला निघालेला, त्याच्यासंगं शिनोलीला धाडलं. मग दर शुक्रवारी माझा फोन. ‘आई, मशीन कसंय?’ ‘एक नंबर, बाबा! रोज फडक्यानं पुसते!’ ‘आवाज करतंय का गं?’ ‘आजाबात न्हाई!’ मी खूश! आवो, ते मशीन चालू असलं की घरघरतंच, हे मला कळू नये? माझ्यासारख्याला? पर न्हाई... मशीनमधी फॉल्ट न्हाई, मग काळजी कशाची!

संक्रांतीच्या आदल्या दिशी शेजाऱ्यांचा फोन आला. मी पोचेस्तोवर सावडणंबी उरकलं व्हतं. घरात शिरतो तर काय... टीव्हीशेजारी मशीन, वर क्रोशाचा रुमाल, त्याच्यावर हळदीकुंकू, आन् खाली मीच चढवलेलं प्लास्टिक जसंच्या तसं!

आई म्हणली, ‘आरं, हे म्हणायचे, आजचा दम सोसतो, लई वाढला की लावू. लायटीचा भरवसा न्हाई, जळलं तर पोराचं एवढं फॉरेनचं मशीन वाया जाईल... पावणं आलं की तेवढं दाखवायचे बघ, हौसेनं.’

आता मला रडू यायला पायजे व्हतं का न्हाई? पर सवय मेली! वाकून मागचं मीटर बघितलं, मशीन किती तास चाललं ते त्याच्यावर दिसतं. तीन तास. ते तीनबी माझेच, मस्कतला चालवून बघितलेले. वर्सभर मशीनची खुशाली इचारली मी, बापाची एका शुक्रवारी न्हाई.

आई जवळ आली, प्लास्टिकवरनं हात फिरवून म्हणली, ‘बघ बाबा, एक वरखडा पडू दिला न्हाई त्यांनी.’

मी म्हणलं, ‘व्हय आई... लई जपलं.’