आधी खोकं, मग माल

सोमवार, सकाळचे साडेदहा, उल्हासनगर, होतचंद शेठच्या कारखान्याचा पोटमाळा. सन अठ्ठ्याऐंशी. लिहून घेताय ना? नाही, घ्याच! कारण ही बातमी मी स्वतः दिली आणि संपादकांनी 'यात बातमी काय?' म्हणून टोपलीत टाकली. बातमी काय? अहो, एका इंग्रजी शब्दापायी एका सरळ माणसाचं लग्न अडलंय, आणि विचारतात बातमी काय!

तर तुम्हाला सांगतो, तो माणूस म्हणजे आमच्या कात्रपचा गुरुदत्त. कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं त्याने... फ्रान्सला जायला नव्हे हो, मार्क पडतात म्हणून! पुढे चिकटला कुठे, तर होतचंद शेठकडे कारकून, तोही टेंपररी. तिकडे अंबरनाथच्या वेणूशी जमलेलं. पण वेणूचे वडील हिरामणमामा काडेपेटीच्या कारखान्यातले, बोलणंही तसंच, घासलं की पेटलं! "गुरुदत्तराव, माणूस म्हणून तुम्ही झकास. पण टेंपररी जावयाला मी कायमची मुलगी देऊ होय? पर्मनंट व्हा, दुसऱ्या दिवशी तारीख काढतो!"

आणि त्या सोमवारी शेठनी हाक मारली. "गुरुदत्त! तेरे को फ्रेंच आता है ना? मॉरिशसवाला व्यापारी बोला, खोके पे फ्रेंच मंगता. ये 'लाइट' का फ्रेंच कर दे. माल चला, तो तू पर्मनंट!"

एक शब्द! गुरुदत्तला वाटलं, झालं, वाजली सनई. त्याने डिक्शनरी उघडली... आणि बसला की हो खालीच! उजेडाचा लाइट असेल तर लुमिएर. वजनाला हलका असेल तर लेजे. रंगाने फिका असेल तर क्लेर. आता यातला कुठला? सोपं आहे, आत माल काय ते बघायचं. गेला शेठकडे.

"शेठ, माल कुठला आहे?"

"कौन सा माल?"

"या खोक्यातला."

"अरे साईं, माल किधर है अभी? पहले खोका! खोका देख के व्यापारी खुश होगा, फिर माल सोचेगा!"

"मग खोक्यावर लाइट कशाला लिहिलंय?"

"अच्छा दिखता है!"

ऐकलंत? आधी खोकं, मग माल! आणि मी हे भांडून विचारलंय बरं का, उल्हासनगरच्या बाजारात दुकानोदुकानी फिरून. सगळे माझ्याकडेच असे बघतात, जणू मीच उलटं बोलतोय! "साहब, खोका नहीं तो माल रखेगा किस में?" आता यावर माणसाने काय बोलावं, तुम्हीच सांगा!

बिचारा गुरुदत्त. छापखानेवाला जिन्यात उभा, "शब्द द्या, शब्द द्या, मशीन थांबलंय." डोळ्यांपुढे हिरामणमामा. शेवटी त्याने डोकं लढवलं. म्हणाला, शेठ काय बनवतील ते देव जाणे, पण जे बनवतील ते वजनाला हलकंच बनवतील, एवढी खात्री! लिहिलं, लेजे. काय चुकलं सांगा? मी सरळ म्हणतो, फ्रान्समधल्या पंडितालासुद्धा याहून नेमकं जमलं नसतं!

खोकी आली. पिवळी धमक, वर लाइट, खाली लेजे. शेठ बेहद्द खूश. आता माल! शेठनी एका खोक्यात बॅटरी बसवली. बसली! पावडरचा डबा बसवला. तोही बसला! घडी करून बनियन कोंबलं, तेही बसलं! "वाह! तीनों भेज दो!" गेलं सगळं बोटीने, तिन्ही माल, खोकं एकच.

महिन्याभराने ट्रंककॉल. खरखर, खरखर... "होतचंदभाई! लेजे! बहोत अच्छा! पाँच सौ डझन लेजे भेजो, जल्दी!" खट्. फोन कट. कारखान्यात पेढे! गुरुदत्त पेढा तोंडात घालणार, तोच थबकला. पाचशे डझन... कशाचे? बॅटरी, पावडर की बनियन?

दिवसभर खटपट करून परत फोन लावला. "कौन सा माल, भाई?" तर तो व्यापारीच चिडला. "अरे, बोला ना, लेजे! नाम खोके पे लिखा है, पढ़ो ना!"

खट्!

शेठ गुरुदत्तकडे वळले. "तूने लिखा, तू बता. माल बता दे, उसी दिन पर्मनंट." अहो, शब्द त्याने लिहिला, पण तीन माल कोंबले कोणी? हे मी शेठना तोंडावर विचारलं. शेठनी मला पेढा दिला.

तिकडे अंबरनाथला हिरामणमामांनी पेढ्यांची बातमी ऐकून लग्नाच्या पत्रिकाच छापून घेतल्या. तारखेची जागा कोरी! वेणू म्हणाली, "बाबा, तारीख नाही तर पत्रिका कशाला?" तर मामा म्हणतात, "अगं, छापून तर ठेवू!" म्हणजे अंबरनाथपर्यंत पोचलं हो हे लोण! आधी खोकं, मग माल!

आज पोटमाळ्यावर पाचशे डझन पिवळी खोकी छतापर्यंत रचलेली आहेत. नवीन, करकरीत, रिकामी. गुरुदत्त रोज त्यांच्यासमोर डिक्शनरी घेऊन बसतो. आत काय घालायचं, ते मात्र अजून कोणीही सांगितलेलं नाही.